घाटावर कोण थांबणार?

आमच्या खेळातली नदी मी काढली ती केवळ नकाशाचा मधला भाग रिकामा दिसत होता म्हणून. निळ्या स्केचपेनने वरून खालपर्यंत एक वाकडी रेघ ओढली आणि तिला नाव द्यायचाही कंटाळा केला. ती नदी खरी केली नानांनी. नानांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी रविवारी दुपारी कूलर लावला की मला पाण्याचा आवाज येतो. कूलरमध्ये पाणी असतंच, हे मला कळतं. मी फिजिक्स शिकवते, तेव्हा तेवढं तरी कळायला हवं.

हा खेळ काय असतो ते आधी सांगून टाकते, कारण जळगावात ते सांगितल्याशिवाय कोणी पुढचं ऐकून घेत नाही. यात पट नसतो, हार-जीत नसते. एकजण सूत्रधार होऊन जग उभं करतो. त्यात किल्ले, जंगलं, चेटकिणी, काय हवं ते असतं. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. ते साधलं की फसलं, हे फासे ठरवतात. आमच्याकडे राजपुत्र म्हणून कोणी जन्माला येत नाही. चिठ्ठी उचलायची आणि जो साधासुधा धंदा निघेल तो निमूट स्वीकारायचा. पुढे अनुभवाचे गुण साठले की धंदा बदलता येतो. फैजपूरहून मोटारसायकलवर येणारा सागर, ज्याच्या घरी केळीशिवाय दुसरा विषय नाही, तो उंदीर पकडणारा म्हणून सुरू झाला आणि किल्ल्याचा पहारेकरी होत होत सरदारकीला पोचला. साडीच्या दुकानातली पायल, मारवाड्यांची धाकटी सून, आधी थडगी खोदायची. मग ती जडीबुटी विकू लागली आणि शेवटी मांत्रिक झाली. धंदा बदलला की आमच्यात त्या दिवशी कचोरी असायची. सूत्रधार मी, आणि जागा मेहरूणमधला आमचा वरचा हॉल.

नाना म्हणजे आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी. रेल्वेत आयुष्यभर छोट्या स्टेशनांवर मास्तरकी केलेली, शेवटची काही वर्षं बोदवडच्या बाजूला. मूळ गाव धुळ्याकडचं. एका रविवारी सागर "मार त्याला, मार!" असं इतक्या जोरात ओरडला की नाना घडी घातलेला पेपर हातात घेऊन वर आले.

"कोणाला मारताय?"

"राक्षसाला, नाना."

"बरं," नाना म्हणाले, जणू राक्षस म्हटल्यावर चौकशी संपली. जायला वळले आणि त्यांची नजर टेबलावरच्या नकाशावर पडली. चष्मा वर सरकवून त्यांनी तो इतक्या बारकाईने पाहिला की मला पेपर तपासून घेतल्यासारखं वाटलं.

"पूल कुठे आहे?"

"पूल नाही काढला, नाना."

"मग अलीकडची माणसं पलीकडे जातात कशी?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस आमचे वीर त्या नदीवरून कसे ये-जा करत होते, कोण जाणे. मी म्हटलं, होडी असेल एखादी. नाना म्हणाले, "असेल म्हणजे? होडीवर कोण आहे?" आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून बसले. चिठ्ठी न उचलता ज्यांना धंदा मिळाला असे आमच्यात ते एकटेच.

नाना आमच्याशी बोलायचे ते नीटनेटकं, ऑफिसातलं मराठी. त्यांचा होडीवाला मात्र पहिल्या दिवसापासून अहिराणी बोलायला लागला. सागरचा सरदार चिलखत घालून, जखमी घोडा ओढत, मागे शत्रू लागलेला असा घाटावर पोचायचा आणि होडीवाला शांतपणे विचारायचा, "कोठे जानं शे? एकला शे का संगे सामान बी शे?" फासे टाकण्याआधी नाना, गाडी सोडायच्या जुन्या सवयीने, माझ्याकडे बघून म्हणत, "लाइन क्लिअर?" मी "क्लिअर" म्हटल्याशिवाय त्यांचा फासा हातातून सुटत नसे. एकदा मी फोनवर होते तर मूठ मिटून तसेच बसून राहिले. चहा गार झाला, पण मूठ उघडली नाही.

होडीत कोणी बसायला नसेल तर नाना स्वतः उतारू तयार करत. शेळी घेऊन माहेरी निघालेली बाई, आंधळा तेलवाला, भांडून घर सोडलेला आणि मधल्या धारेत मन बदलून परत चला म्हणणारा नवरा. एक आख्खा रविवार आम्ही एका लग्नाचं वऱ्हाड पलीकडे नेण्यात घालवला. सागर आधी जांभया देत होता, कारण त्याला पलीकडच्या गुहेतल्या अजगराची घाई होती. अर्ध्या तासाने पाहते तर हाच नवरदेवाच्या घोड्याला होडीत चढवण्यासाठी त्याच्या कानात काहीतरी गोड बोलत होता आणि पायलची मांत्रिक नवरीच्या आजीला धरून बसली होती, कारण आजीला पाण्याची भीती वाटत होती. बाहेर उन्हाने रस्ता ओस पडलेला. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास खोलीभर पसरलेला. नाना डोळे अर्धवट मिटून बांबू टेकवल्यासारखा हात हलवत होते आणि हॉलची फरशी मला सावकाश मागे सरकताना दिसत होती. अजगर त्या दिवशी उपाशी राहिला, पण कोणाची तक्रार नव्हती.

अशी दोन-तीन वर्षं गेली. सागर, पायल धंदे बदलत राहिले, नाना घाटावरच. त्यांच्या नावावर गुण एवढे साठले होते की ते काहीही होऊ शकले असते. आणि त्यांना हौस नव्हती असंही नाही. दर रविवारी खाली उतरण्याआधी ते मला विचारायचे, "पलीकडे, घाटाच्या पुढे काय आहे गं?" मी म्हणायची, "धंदा बदला आणि जाऊन बघा. भटक्या व्हा, नकाशे काढणारा व्हा." मग त्यांचा चेहरा क्षणभर उजळायचा, आणि लगेच ते म्हणायचे, "घाटावर कोण थांबणार?"

नियम असं काही सांगत नाही. नियमाप्रमाणे गुण खर्च केले की जुना धंदा सुटला. सागरने उंदरांचे पिंजरे कुठे टाकले हे त्याला आजही आठवायचं नाही. त्याच्या पहिल्या धंद्याचं पान फाडलं तेव्हा तो म्हणाला होता, "प्रमोशन झालं!" नाना म्हणाले, "अभिनंदन. चार्ज कोणाला दिलास?" सागरला वाटलं मोबाइलचं काहीतरी विचारताहेत. नानांच्या डोक्यात ते इतकं साधं होतं की समजावताना त्यांना शब्द सापडेनात. पुढचा माणूस आला, त्याने सगळं बघून घेतलं, सही केली, की मग आपण उठायचं. त्याआधी उठणं हे त्यांच्या लेखी उठणंच नव्हतं.

पायलने एकदा विचारलं, "नाना, आणि पुढचा माणूस आलाच नाही तर?"

"येतो. उशिरा येतो, पण येतो."

मग त्यांनी वडिलांचं सांगितलं. कुठल्याशा आडस्टेशनवर ड्युटीला असताना निरोप आला, आबांचं काही खरं नाही, निघा. ज्या गाडीने रिलीव्हर, म्हणजे ड्युटी घ्यायला येणारा मास्तर, यायचा तीच गाडी कुठेतरी अडकली होती. घर स्टेशनला लागूनच. नानांनी आक्काला, म्हणजे बायकोला, पोरं घेऊन मिळेल त्या वाहनाने पुढे पाठवलं आणि स्वतः खुर्चीवर बसून राहिले. रिलीव्हर आला, चार्ज दिला, निघाले. गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आबांच्या तोंडात शेवटचं पाणी आक्काने घातलं होतं.

"वाईट वाटतं?" पायलने विचारलं.

"वाटतं तर. फार वाटतं," नाना म्हणाले. "पण सिग्नलला गाडी उभी होती ना. तिच्यातही कोणाचा तरी बाप असेल."

पायलने उगाच फासे गोळा केले, पुन्हा पसरले. मला तेव्हा नानांचा राग आला होता हे कबूल करते. एवढा शहाणा माणूस आणि स्वतःला जरा सोडवून घेता येऊ नये?

गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला नानांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी तपासलं आणि ऑपरेशन झेपायचं नाही म्हणाले. नाना तरीही वर येत राहिले, फक्त जिन्यात मध्ये उभे राहून भिंतीवरचं मीटर वाचल्याचं नाटक करत. एकदा मी खाली पाणी भरत होते तर आक्का जवळ आल्या. आक्का एरवी मोजकंच बोलणाऱ्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, नवऱ्याच्या बरोबर गावोगाव फिरूनही अहिराणी न सोडलेल्या. या खेळाबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नव्हता.

"डॉक्टर म्हने, आते भू दिन नही शेतस," त्या म्हणाल्या. "त्यासना जीव तुन्या त्या नदीमा अटकेल शे. झोपमा बी इचारतस, पलीकडे काय शे. तू ने ना व माय त्यासले."

म्हणजे जग माझं, नदी माझी, तर नानांना एकदा पलीकडे नेणं एवढंही मला करता येऊ नये का? मी लगेच कामाला लागले. पुढच्या रविवारी घाटावर एक तरणाबांड कोळी आणून उभा केला. नानांनी त्याची चांगली उलटतपासणी घेतली. दूरची झाडं दिसतात का, पाणी उतरल्यावर खडक कुठे वर येतो, म्हाताऱ्या माणसाला हात कोणत्या बाजूने द्यायचा. मी कोळ्याच्या वतीने थापा मारत गेले. नानांनी त्याला नापास केलं. त्याच्या पुढच्या रविवारी मी त्याचा अनुभवी काका पाठवला, तोही परत गेला. सागर वैतागून म्हणाला, "नाना, आता जो येईल त्याला हो म्हणा ना!"

तेव्हा नाना माझ्याकडे वळले. आवाज अगदी मऊ होता.

"पोरी, ही माणसं चांगली आहेत. पण ती तुझी आहेत. मी पाठ फिरवली की तू यांना विसरणार. तुझ्या डोक्यात मग पुढचं गाव असेल, अजगर असेल. घाटावर शेळीवाली बाई येऊन उभी राहील आणि तिथे कोणीच नसेल. खोटं असेल तर सांग."

मला खोटं सांगता आलं नाही. कोळ्याचं नाव काय ठेवलं होतं ते मी त्याच्या काकाच्या वेळीच विसरले होते. सूत्रधार ज्याच्याकडे बघत नाही तो त्या जगात नसतोच, हे या खेळाचं खरं दुखणं आहे आणि ते मला आधी कोणी दाखवलं नव्हतं. घाटावर थांबायला कोणीतरी या खोलीत, या टेबलाशी बसलेलं, श्वास घेणारं माणूस हवं होतं. सागर म्हणाला, मी सरदारकी सोडतो. नानांनी त्याला वेड्यात काढलं. पायल डोळे पुसत होती. तिसरा माणूस पाठवायचं मी सोडून दिलं.

त्या महिन्यात आक्का नानांच्या मागोमाग वर यायला लागल्या होत्या, जिन्यात आधार म्हणून. कोपऱ्यात चटईवर बसून त्या भाजी निवडत. त्या रविवारी नाना होडीची दोरी आवळत होते, म्हणजे तसं सांगत होते, तेवढ्यात आक्का मेथीच्या जुडीतून मान वर न करता बोलल्या.

"घाटवर मी बठस."

नानांना आधी कळलंच नाही. "तू? तुले होडी चालाडता येस का?"

"तुम्हले तरी कोठे येस? खुर्चीवर बठीसन चालाडतस. शिकाडा माले."

सागर इतका हसला की त्याला ठसका लागला. नाना हसले नाहीत. त्यांनी आक्कांसाठी टेबलाशी खुर्ची लावली, स्वतः उभे राहिले आणि चार्ज द्यायला सुरुवात केली. मी खूप बदल्या, खूप निरोप समारंभ पाहिलेत, पण असं काही पाहिलं नाही. बांबू कुठे ठेवतात. कोणती फळी पाणी घेते आणि तिला कापूस कसा ठासायचा. दुपारी धार कुठून फिरते. तेलवाला आंधळा आहे, त्याला हाक मारायची नाही, नुसता होडीचा काठ वाजवायचा. शेळीवालीकडून काही घ्यायचं नाही. भांडून आलेला नवरा मधूनच परत चला म्हणाला तर मुकाट्याने परत न्यायचं, त्याला बोल लावायचा नाही. यातलं निम्मं मीसुद्धा पहिल्यांदा ऐकत होते. कूलर थंड हवा सोडत होता आणि आक्का एकेक गोष्ट हळू आवाजात म्हणून दाखवत होत्या. आमच्या त्या टाइल्स बसवलेल्या हॉलमध्ये पाणी चढत चढत टेबलाच्या पायांना लागलं असतं तरी मी तेव्हा पाय वर घेतले नसते.

"बठ्ठं सांगी झायं का?" आक्कांनी विचारलं.

नाना बराच वेळ आठवत राहिले. "झायं."

"मंग जा."

नाना खुर्चीच्या पाठीला धरून उभे. जाईनात. त्यांना अजून काहीतरी सांगायचं राहिलंय असं वाटत होतं, आणि ते सापडत नव्हतं. आक्कांनी भाजीचे हात पदराला पुसले आणि नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"त्या दिन बी मीच व्हती तठे," त्या म्हणाल्या. "आते बी शे. जा तुम्ही."

नाना खाली बसले. मी त्यांच्या कागदावर होडीवाला हा शब्द खोडला आणि आक्कांसाठी नवा कागद घेऊन त्यावर तोच लिहिला. आक्कांनी आयुष्यातला पहिला फासा टाकला आणि तो इतका वाईट पडला की होडीने मधल्या धारेत दोन गिरक्या घेतल्या. नाना भिजले, पण पलीकडे उतरले.

"काय आहे इथे?" त्यांनी विचारलं.

माझी काहीच तयारी नव्हती. तोंडाला येईल ते सांगत गेले. ओली वाळू आहे, नाना. वाळूत टरबुजांचे वेल आहेत. पाणी पिऊन गेलेल्या हरणांची पावलं आहेत. पुढे चढण आहे, आणि चढणीवरून एक पायवाट झाडांत शिरते.

"कुठे जाते ती वाट?"

"माहीत नाही, नाना."

"तुलाही माहीत नाही?"

"खरंच नाही."

आयुष्यभर प्रत्येक गाडी कुठून कुठे जाते ते माहीत असलेला तो माणूस. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "वा!" ते म्हणाले, आणि कचोरी डॉक्टरांनी बंद केलेली असताना त्यांनी एक उचलली.

त्यानंतरचे रविवार म्हणजे नुसती धमाल होती. नाना धंदे बदलत सुटले. बासरी करणाऱ्याकडे उमेदवारीला राहिले आणि पहिलं भोक पाडायच्या आत निघून गेले. मधमाश्या पाळल्या, त्या आवडल्या नाहीत. अस्वलाचा खेळ करणाऱ्याबरोबर दोन गावं फिरले आणि रात्रीतून अस्वलाला सोडून देऊन पळाले. सागरच्या जिवाची तगमग व्हायची. "नाना, गुण वाया चाललेत!"

"मग कशाला साठवले होते?" नाना म्हणायचे.

आणि इकडे आक्का घाट सांभाळत होत्या. आमच्यापैकी कोणी नदीकडे फिरकलं नाही तरी त्या अधूनमधून मला विचारायच्या, तेलवाला उना का? मी सांगायची, आला, बसला. त्या काठ वाजवल्यासारखी टेबलावर दोन बोटं वाजवायच्या आणि पुन्हा भाजीला लागायच्या. पलीकडे नाना कुठल्या मुलखात आहेत हे त्या कधी विचारत नसत.

मी नानांना शेवटचं पाहिलं ते वैशाखातल्या एका दुपारी. नानांचे गुण संपले होते. त्यांचा माणूस कुठल्याशा अनोळखी गावाबाहेर, कोणाच्या तरी आमराईत येऊन टेकला होता. मी पेन्सिल घेऊन विचारलं, "नाना, धंदा काय लिहू?" ते म्हणाले, "राहू दे की रिकामं. बघू." मग सागर आणि पायल एकदाचे त्या अजगराच्या गुहेत शिरले आणि आमचा आरडाओरडा सुरू झाला. मध्येच माझं लक्ष गेलं तर नाना खिडकीजवळच्या खुर्चीत, मान एका बाजूला कलंडलेली, तोंड जरा उघडं, गाढ झोपले होते. चष्मा छातीवर घसरला होता. दोन्ही तळवे मांडीवर उघडे पडले होते. त्यांची पाळी आली होती, म्हणून मी हाक मारायला पुढे झाले.

आक्कांनी माझा हात धरला.

"उठाडू नको व माय," त्या हळूच म्हणाल्या. "ड्युटीवर नही शेतस ते आते."